आधी तू मार, मग मी : 'याकुझा : लाइक अ ड्रॅगन' खेळताय का कुणी?

रिकामा_कप (धागाकर्ता)

मंडळी, गेले पाच आठवडे रात्रीची जेवणं उरकली की मी योकोहामात असतो. घरच्यांना वाटतं ऑफिसचं काम चाललंय. प्रत्यक्षात मी सायकलला गाडा बांधून रिकामे डबे गोळा करत असतो आणि कचऱ्याच्या ट्रकला चुकवत असतो. वय वर्षे ४१.

गेमचं नाव 'याकुझा : लाइक अ ड्रॅगन', मालिकेतला सातवा. जपानात १६ जानेवारी २०२० ला आला, बाकीच्या जगात त्याच वर्षी नोव्हेंबरात. माझ्याकडे ऑगस्ट २०२२ पासून नुसता पडून होता, तेव्हा प्लेस्टेशन प्लसच्या वर्गणीत त्या महिन्याच्या गेमांत मिळाला होता. पडून का होता, तर राग होता म्हणून.

मी या मालिकेचा जुना वारकरी. सेगा कंपनीने ती २००५ च्या डिसेंबरात प्लेस्टेशन २ वर आणली. जपानी नावाचा अर्थ 'ड्रॅगनसारखा', बाहेर 'याकुझा' (म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळीवाले) म्हणून विकली. नायक काझुमा किर्यू, गाव कामुरोचो, म्हणजे टोकियोच्या काबुकिचोची हुबेहूब नक्कल. रस्त्यात चार टगे आडवे आले की किर्यू शेजारची सायकल उचलणार आणि त्यांच्यावर आपटणार. दहा सेकंदांत निकाल. दिवसभर मीटिंगा झेलून घरी आलेल्या माणसाला याहून मोठं औषध नाही.

आणि १ एप्रिल २०१९ ला यांनी एक व्हिडिओ टाकला. त्यात मारामारी आळीपाळीने! आधी तू मार, मग मी मारतो. मेनूतून 'हल्ला' निवडा, 'बचाव' निवडा. सगळ्यांनी एप्रिल फूल म्हणून हसून घेतलं, मीही. ऑगस्टमध्ये खरीखुरी घोषणा झाली तेव्हा माझं हसू मावळलं. वर किर्यूही नायक नाही. नवा कुणीतरी इचिबान कासुगा, विस्कटलेल्या केसांचा, लालभडक सुटातला.

आता तीस तास खेळून झाल्यावर सांगतो, राग चुकीचा होता. ही आळीपाळीची, म्हणजे टर्न-बेस्ड मारामारी वरून चिकटवलेली नाहीये, ती या माणसाच्या डोक्यातून आलीय. कासुगा लहानपणापासून 'ड्रॅगन क्वेस्ट'चा वेडा, म्हणजे तलवारवाला नायक राक्षसांशी आळीपाळीने लढतो त्या जुन्या जपानी गेमचा. त्याला जगच तसं दिसतं. समोरचा साधा दारुडा त्याच्या डोळ्यांसमोर राक्षस होतो, रस्त्यात रुतलेली बेसबॉलची बॅट त्याला नायकाची तलवार वाटते आणि तो ती तसाच ऐटीत उपसतो. म्हणजे आपण खेळतोय ती मारामारी कासुगाच्या नजरेतून दिसणारी. खरी कशी झाली असेल कोण जाणे. बहुधा बरीच केविलवाणी.

आणखी एक. किर्यूला कुणाची गरज नव्हती. हा ४२ वर्षांचा, १८ वर्षं तुरुंगात काढलेला, खिशात दमडी नाही. एकटा लढला तर मरेल. चौघं मिळून आळीपाळीने लढण्यावाचून त्याला गत्यंतरच नाही.

तुमचं काय मत? (स्पॉयलर कृपया सांगून लिहा.)

---

कोल्हापुरी_जॉयस्टिक

कप राव, लेख झकास, पण पटलं नाही.

'नायकाच्या डोक्यातून आलीय' हे म्हणायला छान आहे. मला सांगा, ट्रायंगल दाबल्यावर हाताला जे जाणवायचं ते कुठं गेलं? किर्यूचा ठोसा बसला की कंट्रोलर थरथरायचा आणि इथं छातीत. आता मी मेनू वाचत बसलोय. हॉटेलात मेनू वाचतो तेवढा बास की.

आणि मालिका 'नवी' केली म्हणायची, तर मग 'जजमेंट'मध्ये जुनी मारामारी का ठेवली? तो गेम त्याच कंपनीचा, त्याच कामुरोचोतला, २०१८ चा. म्हणजे त्यांनाही माहीत आहे लोकांना काय पाहिजे.

---

रिकामा_कप

@कोल्हापुरी, 'जजमेंट'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. तिथला यागामी वकिली सोडून गुप्तहेर झालेला, कुंगफू येणारा, एकटा फिरणारा. त्याला ती मारामारी शोभते. पुढे त्यांनी जाहीरच केलं की हाणामारी 'जजमेंट'कडे, टर्न-बेस्ड मूळ मालिकेकडे. दोन भावांत वाटणी झाल्यासारखं.

हाताला जाणवायचं ते कमी झालं, हे मात्र मान्य. शत्रूचा वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबून वार अडवता येतो, तेवढाच काय तो आधार.

---

मधली_सुट्टी

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

निशिकासाईकर

नमस्कार. बरीच वर्षं जपानात आहे, आयडीवरून कळलंच असेल, टोकियोच्या निशिकासाईत. गेम मी खेळलो नाही, पण भाचा आला होता सुट्टीत, त्याने गेममधलं 'इसेझाकी इजिनचो' दाखवलं आणि मी उडालोच. हे तर योकोहामातलं खरंखुरं इसेझाकिचो! कान्नाई स्टेशनवर उतरलं की पाच मिनिटांवर. तो फक्त चालणाऱ्यांसाठीचा बाजाररस्ता, त्याची कमान, मागच्या गल्ल्या, नदीकाठ. चायनाटाउन खरं तर थोडं लांब आहे, गेममध्ये आणून जवळ बसवलंय.

नावातली गंमत सांगतो. 'इजिन' म्हणजे परका, परदेशी माणूस. योकोहामा बंदर १८५९ ला परदेशी व्यापाराला उघडलं, तेव्हापासून हे शहर बाहेरून आलेल्यांचं. 'इजिनचो' म्हणजे परक्यांची आळी. भाचा म्हणाला की कथेत तीन टोळ्या आहेत, एक जपानी, एक चिनी, एक कोरियन, आणि तिघी एकमेकींना धरून ठेवतात म्हणून बाहेरचा मोठा याकुझा आत शिरू शकत नाही. हे नाव त्यामुळे फार विचारपूर्वक ठेवलेलं वाटलं.

अजून एक. गोळी लागलेला कासुगा शुद्धीवर येतो ती बेघरांची वस्ती. इसेझाकिचोपासून चालत जाण्याच्या अंतरावर खरं कोतोबुकिचो आहे. टोकियोचं सान्या, ओसाकाचं कामागासाकी आणि योकोहामाचं कोतोबुकी, या तीन रोजंदारी मजुरांच्या वस्त्या म्हणून ओळखल्या जातात. रात्रीपुरत्या खोल्या देणाऱ्या स्वस्त लॉजांच्या रांगा. ज्या मजुरांनी गोदीत आणि बांधकामांवर काम केलं ते आता म्हातारे होऊन तिथेच राहिलेत. योकोहामाच्या पर्यटन नकाशावर हे तुम्हाला कुणी आवर्जून दाखवणार नाही. योकोहामातली गोष्ट नेमकी तिथून सुरू होते म्हणजे लिहिणाऱ्याला शहर माहीत आहे.

---

रिकामा_कप

काका, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

गेममध्ये 'ब्लीच जपान' नावाची एक संस्था आहे. पांढरे कपडे, हातात फलक, 'करड्या भागांची सफाई करा' म्हणून मोर्चे. बेघर, कागदपत्रं नसलेले परदेशी, देहविक्रय करणाऱ्या बायका, सगळ्यांना 'साफ' करायचं. असं काही तिथे खरंच घडलंय का?

---

निशिकासाईकर

अगदी तशी संस्था नाही, पण सफाई घडली आहे. इसेझाकिचोच्या शेजारी कोगानेचो आहे, केइक्यू रेल्वेच्या पुलाखाली. तिथे युद्धानंतर कित्येक दशकं छोट्या छोट्या घरांतून देहविक्रय चाले. २००५ मध्ये पोलिसांनी मोठी मोहीम काढून ते सगळं बंद केलं. पुढे २००८ पासून तिथे कलामहोत्सव भरतो, त्याच चिंचोळ्या घरांत आता चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. मी एकदा गेलो होतो. सुंदर आहे. पण तिथल्या बायका कुठे गेल्या, हे कुणाला विचारायचं ते मला कळलं नाही.

---

तिसरी_घंटा

मी गेम खेळत नाही, आधीच सांगते. मुलगा बारावीनंतरच्या सुट्टीत खेळत होता आणि मी भाजी निवडत सोफ्यावर बसायचे. चार दिवसांनी तोच म्हणायला लागला, "आई, आज पुढचा भाग बघायचा का?" मालिका बघितल्यासारखी बघितली आम्ही.

मला नाम्बा आवडला. आधी नर्स होता, परवाना गेला, रस्त्यावर आला. कासुगा गोळी लागून कचऱ्यात पडलेला असतो, त्याला हाच वाचवतो. मग अदाची, पोलिसातून हाकललेला, वाहन परवान्याच्या केंद्रात बसवून ठेवलेला. कासुगा तुरुंगातून सुटतो तेव्हा ज्याच्यासाठी १८ वर्षं काढली तो न्यायला येत नाही, दारात हा अनोळखी अदाची उभा असतो. मला त्या ठिकाणी रडू आलं, मुलाने पॉज करून पाणी आणून दिलं.

सगळी पन्नाशीकडे झुकलेली, मोडलेली माणसं. व्हिडिओ गेम म्हणजे सोळा वर्षांच्या पोरांनी जग वाचवायचं असं मला वाटायचं.

नाम्बा लढताना शत्रूवर कबुतरं सोडतो! मी इतकी हसले. दादरच्या कबुतरखान्यासमोरून जाताना अजून आठवतं.

---

कोल्हापुरी_जॉयस्टिक

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून जरा मऊ पडलो. कबुतरं भारीच आहेत. त्याच नाम्बाला दारू तोंडात धरून आगीचा भपका सोडता येतो, तेही सांगायचं होतं.

---

गणित_पक्कं

भावनिक चर्चा झाली असेल तर जरा यंत्राकडे बघू.

१) पात्रं स्वतःच इकडेतिकडे हलतात. मी चार शत्रू एका घोळक्यात असताना मोठा वार निवडतो, आणि बटण दाबेपर्यंत ते पांगलेले असतात. उभं कुठं राहायचं हे खेळाडूच्या हातात नाही. टर्न-बेस्डमध्ये हा अक्षम्य गोंधळ आहे.

२) नोकऱ्या. नोकरी बदलायला कासुगा 'हॅलो वर्क'मध्ये जातो. हे जपानचं सरकारी रोजगार कार्यालय आहे, आपल्या सेवायोजन कार्यालयासारखं. (आपण दहावीनंतर नाव नोंदवून कार्ड घेतलं होतं, आठवतंय का? माझा कॉल अजून यायचाय.) तिथे रांगेत जाऊन बेकार माणूस स्वयंपाकी, ज्योतिषी, रस्त्यावरचा गिटारवाला किंवा बांधकामावरचा मुकादम होतो. मुकादम झालात तर काही भिंती फोडता येतात, त्यामुळे तो घ्याच. कल्पना म्हणून दहापैकी दहा. पण प्रत्येक नोकरीची पातळी वेगळी वाढवावी लागते, मग माणूस एकच धरून बसतो.

३) बाराव्या प्रकरणातली ती लढत. (स्पॉयलर म्हणून नावं घेत नाही, जुन्या वारकऱ्यांना दोघंही ओळखीचे आहेत.) तोवर गेम तुम्हाला लोण्यासारखा नेतो आणि अचानक भिंत. त्याआधी सोतेनबोरीतला (गेममधल्या ओसाकातला) आखाडा उघडतो, तिथे तासन्‌तास घाम गाळा, पातळी वाढवा, मग या. ही लढत अवघड आहे त्याचं मला काही नाही, पण अकरा प्रकरणं तशी तयारी करून घेतली नाहीत हा दोष.

---

बाईमाणूस_प्लेयर२

गणित, तुमच्या नोकऱ्यांच्या मुद्द्याला माझी पुस्ती. पुरुषांना स्वयंपाकी, ज्योतिषी, गायक, मुकादम, अंगरक्षक. संघातल्या सायेकोला काय? बारवाली, होस्टेस, आयडॉल, 'नाइट क्वीन'. दुसरी साथीदार एरी आली की ऑफिसातली कारकून. एवढं मोठं रोजगार कार्यालय, आणि बाईच्या खिडकीवर इतकीच पाटी!

सायेको पात्र म्हणून चांगली आहे, बोलते तोंडावर, लाजतबुजत नाही. संघात बाई बरोबरीने लढतेय हे या मालिकेत मोठंच. म्हणूनच ती नोकऱ्यांची यादी जास्त खुपते.

---

रिकामा_कप

बाईमाणूस, हे मी पाहिलंच नव्हतं. खरं आहे.

---

शेवटची_बेंच

अरे पण शेवटी त्या लॉकरसमोर कासुगा जेव्हा

*[हा प्रतिसाद संपादित करण्यात आला आहे. शेवट सांगताना आधी 'स्पॉयलर' असं लिहून पाच ओळी मोकळ्या सोडाव्यात. – संपादक]*

---

मधली_सुट्टी

वाचला मी तो. उडवायच्या आधी. आभारी आहे हं, बेंच. 😑

---

शेवटची_बेंच

सॉरी सॉरी. मोबाइलवरून लिहीत होतो. आता स्पॉयलरविना लिहितो. कासुगाचा आवाज जपानीत काझुहिरो नाकाया यांचा आहे. पहिल्या 'याकुझा'त त्यांनीच निशिकियामाला आवाज दिला होता. निशिकियामा कोण? ज्याच्या हातून घडलेला खून किर्यूने स्वतःवर घेतला आणि दहा वर्षं तुरुंगात काढली तो मित्र. आता कासुगाची सुरुवात बघा, २००१ च्या पहिल्या दिवशी दुसऱ्याचा खून अंगावर घेऊन तोही आत जातो. जुन्या गेममध्ये ज्याच्यासाठी दुसऱ्याने शिक्षा भोगली, तोच आवाज आता शिक्षा भोगणाऱ्याला. मला हे कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला कुणी नव्हतं.

इंग्रजी डबिंगमध्ये अराकावा, म्हणजे ज्याच्यासाठी कासुगा आत गेला तो टोळीप्रमुख, हा आवाज 'स्टार ट्रेक'वाल्या जॉर्ज ताकेईंचा. पहिल्या भागाचं इंग्रजी डबिंग लोकांना रुचलं नव्हतं, मग मूळ मालिकेत ते बंदच केलं, इतक्या वर्षांनी याच भागात परत आलं. तरी मी जपानीच लावतो.

---

मधली_सुट्टी

माफ केलं. ही माहिती भारी आहे.

---

कोल्हापुरी_जॉयस्टिक

बरं, एक विचारतो. किर्यू सुटला तेव्हा अख्ख्या कामुरोचोला त्याचं नाव ठाऊक होतं, लोक टरकायचे. कासुगाला कुत्रं विचारत नाही. मग यात 'याकुझा' उरलाच कुठं? डबे गोळा करणं, सिनेमाला जाऊन झोप न लागू देणं (मेंढ्याच्या तोंडाची माणसं येऊन झोपवतात, शप्पथ), बिस्किटांची कंपनी चालवणं... काल माझ्या भागधारकांच्या सभेत ते इतके भडकले की कासुगाने लोटांगण घालून माफी मागितली. माझ्या कंपनीत एक व्यवस्थापक कोंबडी आहे. कोंबडी! गुन्हेगारी जगाचा गेम म्हणून घेतला होता मी.

---

निशिकासाईकर

याचं उत्तर गेमबाहेर आहे असं मला वाटतं.

जपानात खरा याकुझाच आटत चालला आहे. १९६० च्या दशकात पोलिसांच्या नोंदीत १ लाख ८० हजारांच्या वर माणसं होती. हा गेम आला तोवर ती तीस हजारांच्या खाली आली होती. १९९२ ला टोळीविरोधी कायदा लागू झाला, पण खरी कंबर मोडली ती स्थानिक नियमांनी. २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत ते लागू झाले. त्यांत शिक्षा टोळीवाल्याला नाही, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या सामान्य दुकानदाराला बसू शकते. त्यामुळे बँक खातं नाही, भाड्याचं घर नाही, मोबाइलचा करार नाही. टोळी सोडली तरी पुढची पाच वर्षं तो माणूस टोळीतलाच धरला जातो.

म्हणजे सुटलेल्या माणसाला ना आत जागा, ना बाहेर. डबे गोळा करणं ही गंमत वाटते, पण त्या वयाच्या, त्या पार्श्वभूमीच्या माणसाला खरंच दुसरं काय मिळालं असतं?

---

कोल्हापुरी_जॉयस्टिक

...

बोलती बंद. कोंबडीला उद्या पगारवाढ देतो.

---

रिकामा_कप

काकांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला. मी मारामारीत अडकलो होतो. जुने गेम ज्या जगावर उभे होते तेच संपत आलं होतं, किर्यूला सातव्यांदा त्याच गल्लीत उभं करून काय केलं असतं? किर्यूच्या पाठीवर ड्रॅगन गोंदलेला, कासुगाच्या पाठीवर ड्रॅगन व्हायला निघालेला मासा. तो अजून झालेला नाही.

---

गणित_पक्कं

ज्यांना माझा पहिला मुद्दा पटला त्यांनी पुढचा भाग घ्या, 'इन्फिनिट वेल्थ', २६ जानेवारी २०२४, हवाईत घडतो. तिथे तुमची पाळी आली की एका वर्तुळात हलता येतं, कुठून मारायचं ते ठरवता येतं, शत्रूला ढकलून साथीदाराकडे पाठवता येतं. सातव्यातली दुखणी एकेक करून काढली आहेत. तक्रार एकच, एकदा संपवून कमावलेली पातळी घेऊन पुन्हा खेळायची सोय महागड्या आवृत्तीतच दिली. त्यावर बरंच वाजलं होतं, आणि वाजायलाच हवं होतं.

कोल्हापुरीकरांसाठी खास : त्यात किर्यू आहे. कॅन्सर झालेला. त्याच्याकडे एक खास चाल आहे, ती वापरली की काही क्षण पाळीबिळी सगळं बाजूला आणि जुनी खुली मारामारी, बटणं बडवा. मग वेळ संपते आणि पुन्हा रांगेत.

---

कोल्हापुरी_जॉयस्टिक

काही क्षणच?

---

गणित_पक्कं

काही क्षणच.

---

कोल्हापुरी_जॉयस्टिक

राव, असं नका हो करू म्हाताऱ्याला.

घेतो. आधी हा संपवतो.

---

नवाकोरा_आयडी

पहिलाच प्रतिसाद, चुकल्यास सांभाळून घ्या. मी यातला एकही खेळलो नाहीये. थेट सातवा घेतला तर चालेल का?

---

रिकामा_कप

स्वागत. चालेल, हा त्यासाठीच बनवलाय. नवा नायक, नवं शहर. जुने चेहरे उत्तरार्धात येतात, ओळखीचे नसले तरी अडत नाही. फक्त सुरुवातीचे काही तास नेट लावा, गेमपेक्षा सिनेमाच जास्त आहे. चौघं जमले की गाडी पळायला लागते. आणि बाराव्या प्रकरणाआधी गणितरावांचा तिसरा मुद्दा छापून भिंतीला लावा. मी लावला नव्हता. काल रात्री चौथ्यांदा हरलो.

---

तिसरी_घंटा

सगळ्यांना कळवायचं होतं. मुलगा हॉस्टेलला गेला, मशीन इथेच आहे. परवा दुपारी मीच लावला, नव्याने. पातळी ९ झाली. वार अडवायचं बटण मला वेळेवर सापडत नाही, तोपर्यंत मार बसलेला असतो. पण कबुतरं सोडता येतात.

एकच विचारायचं आहे, सायकल मिळते ती कुठल्या प्रकरणात? चालून चालून पाय दुखले.